मेहेरबान : ‘मित्रा’चा इराणी भाऊ

‘मेहेरबान’ हा शब्द फारसीतून मराठीत आला, पण तो आपल्याला परका नाही. त्याची फोड ‘मेहेर’ (फारसी मिह्र) अधिक ‘बान’ अशी होते. मिह्रचे जुने इराणी रूप ‘मिथ्र’, म्हणजेच संस्कृतातला ‘मित्र’. इराणी भाषांत ‘थ्र’चा पुढे ‘ह्र’ झाला. हीच वाट धरून गेलेले आणखी दोन शब्द आपण रोज वापरतो : ‘क्षत्र’चा इराणी जोडीदार आज ‘शहर’ आहे आणि ‘चित्र’चा ‘चेहरा’. जोड्या लावून पाहिल्या की नियम आपोआप ध्यानात राहतो.

मित्र म्हणजे आधी सोबती नव्हे, करार आणि त्या कराराची राखण करणारा देव. तुर्कस्तानात बोगाझकोय येथे सापडलेल्या, हित्ती आणि मितन्नी या पश्चिम आशियातल्या प्राचीन राज्यांमधल्या तहात (इ. स. पूर्व 14वे शतक) साक्षीदार देवतांमध्ये मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य (अश्विनीकुमार) आहेत. करारातून सख्य, सख्यातून माया असा अर्थ सरकला. फारसीत ‘मिह्र’ म्हणजे प्रेम, सूर्यही. सूर्याच्या अर्थाने तो संस्कृतात फार पूर्वीच ‘मिहिर’ होऊन आला होता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या नावात तो दिसतो. पारशांच्या अग्यारीला ‘दर-ए-मेहेर’ म्हणतात, तिथेही हाच मेहेर.

‘बान’ म्हणजे राखणारा. मूळ धातू ‘पा’, नृप-गोपमधला. दरवान, बागवान यांतला ‘वान’ त्याचेच रूप. इथे हमखास चूक होते ती ‘धनवान’शी सांगड घालण्याची. तो ‘वान’ संस्कृत ‘वत्’ प्रत्ययाचा. ‘असलेला’ एवढाच त्याचा अर्थ, राखणीशी संबंध नाही. तेव्हा मेहेरबान म्हणजे ‘मायावान’ नव्हे, माया राखणारा.

मराठीत मात्र या मायेला दरबारी वळण लागले. मेहेरबानी वरून खाली होते. बरोबरीचा माणूस करतो ती मदत. म्हणूनच ‘मेहेरबानी करून गप्प बस’ यात विनंती कमी आणि वैताग जास्त.

दरबार गेले तरी कोर्टाच्या कागदांत शब्द टिकला, तोही अर्धा : ‘मे. दिवाणी न्यायाधीश साहेब यांचे न्यायालयात’. हा ‘मे.’ मेहेरबानचा. दुकानाच्या पाटीवर ‘आणि कंपनी’च्या आधी येतो तो ‘मेसर्स’चा. अर्ज टंकताना ‘मे.’ पूर्ण रूपात लिहायचा असेल, तर पुढे साहेब आहेत की कंपनी, एवढे आधी बघावे.