नऊ ब्लफ कुठून आणायचे?

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली माडी, पत्र्यावर जुलैचा पाऊस, आणि पाचवं पान उलटलं: बदाम दुर्री. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात या शेवटच्या पानाला 'रिव्हर' म्हणतात. आमच्याकडं जुलैत रिव्हर म्हटलं की सगळे मोबाइल काढून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. तशी ती बघून झाली. 39 फुटांच्या इशाऱ्याला अजून अवकाश होता. मग डावाकडं वळलो.

माझ्या हातात बदाम एक्का आणि किलवर राजा. मेजावर सगळ्यांसाठी उघडी असलेली पानं: बदाम राजा, किलवर नव्वी, बदाम चव्वी, चौकट सत्ती आणि ही दुर्री. म्हणजे माझी राजांची जोडी, सोबत एक्का. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 200 होते. (रुपये नव्हेत, चिंचोके, एक चिंचोका म्हणजे दहा.) मी 100 लावले. समोरच्या मित्रानं दोन मुठी भरून ढीगच पुढं सारला. 500.

"बोल भावा, येतोस काय?"

अशा वेळी मन एकाच गोष्टीवर अडून बसतं: याच्याकडं पानं आहेत की हा थापा मारतोय, म्हणजे ब्लफ करतोय? हे त्या घडीला कळण्यासारखं नसतं. कळण्यासारखी असते ती किंमत. आधीचे 200, माझे 100, त्याचे 500, असे 800 पडलेत. त्याची पानं बघायची, म्हणजे 'कॉल' करायचा, तर मला आणखी 400 घालायचेत. असा कॉल तीनदा केला, दोनदा हरलो नि एकदा जिंकलो, तर दोनदा 400 गेले आणि एकदा 800 आले. बरोबरी. म्हणजे मला तिनात एकदा बरोबर ठरायचंय, बस्स.

आता मोजणी. मेजावर तीन बदाम आहेत, त्यामुळं हातात दोन बदाम असलेल्याचा फ्लश झाला, म्हणजे पाचही पानं बदामाची. तीन पत्तीवाले त्याला कलर म्हणतात. तेरापैकी तीन बदाम मेजावर गेले, उरलेल्या दहांतून दोन-दोनाच्या जोड्या होतात 45. पण बदाम एक्का माझ्या मुठीत आहे. मग नऊच उरले, आणि जोड्या झाल्या 36. माझ्या एका पानानं त्याच्या नऊ जोड्या खाल्ल्या, त्याही अशा, ज्या हातात आल्यावर सहसा कुणी टाकून देत नाही. पोकरमधली ही मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट: स्वतःचं पान बघून दुसऱ्याच्या हातात काय नाही ते कळतं.

त्या 36 मध्ये बदाम दश्शी-तिर्रीसारखं भंगारही आहे. ते तो खेळत नाही. जवळजवळची पानं धरली तर साधारण 12 उरतात. तीन नव्व्या किंवा तीन सत्त्या होण्याचे प्रत्येकी 3 प्रकार. एकूण 18. दोन जोड्यांवर तो एवढं उचलत नाही, हे माझं मत; ते चुकलं तर हिशोबही चुकला. समोर मला हरवणारे असे 18 खरे हात असतील, तर माझा कॉल परवडायला 9 ब्लफ हवेत: 27 मध्ये 9.

ब्लफसाठी कच्चा माल भरपूर आहे. सत्ती-नव्वीला धरून सिक्वेन्सची वाट बघणाऱ्या एकट्या दश्शी-अठ्ठीचेच 16 प्रकार, त्यातला बदामांचा वगळला तर 15. दुर्रीनं ते सगळे वाया घालवले. पण त्यातल्या नऊ प्रकारांवर हा माणूस 500 ढकलायची छाती करेल का?

गंगावेशीतल्या तालमीत विचारा. पटाची (पाय धरून पाडायच्या डावाची) हूल प्रत्येक वेळी दिली तर कुणी फसत नाही, आणि कधीच दिली नाही तर समोरचा खऱ्या पटाला आधीच सावध असतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी 1928 साली अशा खेळांच्या गणिताचा पाया घातला आणि 1944 मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासोबत लिहिताना ब्लफ हा धूर्त स्वभावाचा भाग नसून गणितातूनच निघतो, हे पोकरवर दाखवलं. आमच्या डावात ते प्रमाण दोन खऱ्यांमागं एक ब्लफ. उलट बाजूनंही बघा: तो 300 मिळवायला 500 घालतोय. मी आठांत पाचपेक्षा जास्त वेळा पळालो, तर त्याला पानं न बघताही हे परवडतं.

यंत्रं हे शिकली ती पश्चात्तापातून. 2007 साली मांडलेल्या एका पद्धतीत प्रोग्रॅम स्वतःशीच खेळतो आणि दर डावानंतर मोजतो, 'दुसरी चाल केली असती तर किती जास्त मिळालं असतं?' ज्या चालीची हळहळ जास्त साठते, ती पुढं जास्त वेळा खेळायची. 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या प्रोग्रॅमनं पिट्सबर्गमध्ये 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळून चार व्यावसायिकांना हरवलं. पॉटच्या कितीतरी पट रक्कम तो बिनदिक्कत लावायचा, आणि ती माणसं विचारात पडायची.

समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात. असा प्रसंग वीसदा यायला वर्ष जाईल, आणि खरं प्रमाण तिनात एक असलं तरी त्या विसांत ब्लफ चार निघू शकतात किंवा नऊही. चेहऱ्याचा आधारही पोकळ. 2013 च्या एका अभ्यासात व्यावसायिकांच्या चित्रीकरणाचे तुकडे लोकांना दाखवले. नुसते चेहरे बघणाऱ्यांना हात किती भारी आहे ते ओळखता आलं नाही, चिप्स (पैशांऐवजीच्या चकत्या) सरकवणारे बाहू बघणाऱ्यांना थोडंफार आलं. थोडंफारच. आमच्या मित्राच्या दोन्ही मुठी चिंचोक्यांनी भरलेल्या होत्या, त्यातून काय ओळखणार?

उरली माझी आठवण: 'हा कधी ब्लफ करत नाही.' तीवर विसंबून मी पत्ते टाकले.

"काय होतं रे?"

त्यानं आपली पानं उलटीच गड्डीत मिसळली. "चारशे टाकले असतेस तर दाखवलं असतं की."

आणि मग लक्षात आलं की त्याच्याबद्दलची माझी सगळी माहिती फक्त त्याच डावांची आहे, ज्यांत कुणीतरी पैसे मोजले होते. पळालेल्या डावांतली पानं अशीच गड्डीत गेली, त्यांची नोंदच नाही. तो पिसून पुढचा डाव वाटत होता. कुणीतरी पुन्हा पाणी बघितलं. अर्धा फूट चढलं होतं.