वर्दीतला माणूस कोण? जुना लष्करी फोटो दुरुस्तीला देण्याआधी वाचा
(अंबाजोगाईच्या आमच्या फोटो स्टुडिओचे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळीची साफसफाई झाली की आमच्याकडे वर्दीतले फोटो येऊ लागतात. कुणाच्या आजीच्या ट्रंकेत सापडलेले, कुणाच्या देवघरामागे वर्षानुवर्षं ठेवलेले. "चेहरा उजळ करा, रंग भरा, मोठी फ्रेम करा," अशी मागणी असते. मग आम्ही विचारतो, "हे कोण?" उत्तर येतं, "मिलट्रीतले कुणीतरी. बहुतेक मोठे आजोबा."

आमचा आग्रह एकच आहे: आधी ओळख, मग दुरुस्ती. डाग काढताना टोपीवरचा बिल्ला आणि छातीवरच्या फिती पुसट होतात. मोबाइलमधल्या एआय ॲपने तर कोटाला नसलेलं बटणही फुटतं. फोटो देखणा होतो, पण त्यावरून माणूस शोधायची सोय जाते. म्हणून कामाला हात लावण्याआधी आम्ही मूळ फोटो पुढून-मागून मोठ्या रिझोल्यूशनमध्ये स्कॅन करतो आणि ती फाइल तुम्हाला वेगळी देतो.

मागची बाजू आधी पाहा

आपल्या भागात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. त्यामुळे फोटोमागे मराठी किंवा मोडी मजकूर असतो तसा उर्दूही असतो. खरी गफलत सालाची होते. हैदराबाद संस्थानात फसली सन, म्हणजे महसुली कालगणना, वापरात होता. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण निघतो. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. तोच आकडा हिजरी समजून वाचला तर १९३८-३९ येतं आणि फोटो दहा वर्षं मागे जातो. आकड्याजवळ 'फे' अक्षर दिसलं तर फसली, 'हे' दिसलं तर हिजरी. हे वाचायला उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या शेजाऱ्याची मदत घ्या. मराठीत 'शके १८७०' असेल तर ७८ मिळवा. तो फोटो १८७० सालचा नाही, १९४८-४९ चा आहे.

कागदावरचा छापही पाहा. 'इंदू' हे नाव असेल तर तो कागद उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. ही कंपनी १९६० साली स्थापन झाली, म्हणजे फोटो नक्कीच त्यानंतरचा. स्टुडिओचा शिक्का दूरच्या छावणीच्या गावचा निघाला तर त्यासारखा धागा नाही.

फौज कुणाची?

मराठवाड्यात हा प्रश्न इतर महाराष्ट्रापेक्षा अवघड आहे. निजामाची स्वतःची फौज होती. तिच्या लान्सर्सनी, म्हणजे घोडदळाने, पहिल्या महायुद्धात इजिप्त-पॅलेस्टाइनच्या आघाडीवर काम केलं. इंग्रजी अंमलाखालची 'हैदराबाद कंटिंजंट' वेगळी. तिची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि आपल्या मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत होती. १९०३ मध्ये ही कंटिंजंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळातून पुढे १९२२ मध्ये '१९ हैदराबाद रेजिमेंट' झाली आणि १९४५ पासून तिचं नाव कुमाऊं रेजिमेंट आहे. म्हणजे डिस्चार्जच्या कागदावर 'हैदराबाद रेजिमेंट' वाचून निजामाचं दफ्तर धुंडाळत बसाल तर हाती काही लागणार नाही; त्या रेजिमेंटचं केंद्र राणीखेतला आहे. घोडदळाचा वारसा डेक्कन हॉर्सकडे गेला. याशिवाय संस्थानाची सरहद्द ओलांडून मराठा लाइट इन्फंट्रीत किंवा १९४१ मध्ये बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले आहेतच.

आणि खाकी कपडे म्हणजे सैनिकच असं नाही. पोलीस, जंगल खातं, करोडगिरी (जकात) नाका, रेल्वे, सगळ्यांना वर्दी होती. १९४७-४८ च्या धामधुमीत मुक्तिसंग्रामातले कार्यकर्ते संस्थानाच्या सीमेबाहेरच्या कॅम्पांत बंदुका घेऊन होते, आणि रजाकारही वर्दीत होते. यावर काही घरांत आजही कुणी मोकळं बोलत नाही; त्यासाठी कुणाला अडचणीत टाकू नका. आजोबांना स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन मिळत असेल तर त्या अर्जात कॅम्पचं नाव सापडू शकतं.

भिंगातून

बिल्ल्यावर, बटणावर मुकुट असेल तर फोटो बहुधा २६ जानेवारी १९५० च्या आधीचा; अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. बाहीवर दोन फिती म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. समर सेवा स्टार किंवा रक्षा पदक दिसलं तर १९६५ च्या अलीकडचा. पदकांच्या फितींचा रंग मात्र कृष्णधवल फोटोवरून ठरवू नका. जुन्या प्लेटांवर लाल काळपट उमटे आणि निळा फिकट. पट्ट्यांची रुंदी आणि क्रम यांवर भरवसा ठेवा.

पदकं डाव्या छातीवर लावतात. उजवीकडे दिसली तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल. शर्टाची बटणपट्टी पाहून खात्री करा. बटणपट्टी बरोबर असूनही पदकं उजवीकडेच असतील तर ती वारलेल्या नातेवाइकाची असू शकतात, कारण कुटुंबीय ती उजवीकडे लावतात. प्रत्यक्ष पदक घरात असेल, चांदी म्हणून मोडीत गेलं नसेल, तर त्याची कड भिंगाखाली धरा. तिथे बहुतेक वेळा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं.

चेहऱ्याकडे शेवटी या. मिशा आणि फेटा फार फसवतात. सख्खे भाऊ एकमेकांसारखे दिसतात, आणि चेहरे जुळवणारं ॲपही तिथेच चुकतं. कानाची ठेवण बऱ्याच अंशी टिकते, ती पाहा. वयाचं गणितही मांडा: १९३८ चा जन्म असलेले आजोबा १९४५ च्या फोटोत वर्दीत असणार नाहीत.

दोघा-तिघांच्या फोटोत अनोळखी माणूस नात्यातला नसण्याचीच शक्यता जास्त. जवान सुट्टीच्या दिवशी पलटणीतल्या सोबत्यांसह स्टुडिओत जात आणि एकेक प्रत गावी पाठवत. मागे गुरुमुखी किंवा कानडी अक्षर असेल तर ते त्या सोबत्याचं असू शकतं. मोठ्या ग्रुप फोटोत मधल्या खुर्च्यांवर अधिकारी आणि सुभेदार बसतात, आणि पायाशी ठेवलेल्या पाटीवर तुकडी व तारीख असते. असा फोटो कापून आपल्या माणसाचा एकट्याचा करायला सांगू नका. आम्ही नकार देऊ.

कागद कुठे मिळतील

घरातलं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद आधी शोधा. सर्व्हिस नंबर मिळाला की अर्धं काम झालं, कारण त्यावरून रेकॉर्ड ऑफिस ठरतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला. पत्र कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. महायुद्धांत कामी आलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत आहेत. अनेकदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. शोधताना जुनी नावं वापरा. त्या काळी इंग्रजीत बीडचं 'भीर' आणि नांदेडचं 'नांदेर' लिहीत. निजामकालीन दफ्तर हैदराबादच्या अभिलेखागारात आहे.

नाव सांगणारी दोन वेगळी कारणं मिळेपर्यंत आम्ही फ्रेमखाली नाव छापत नाही. एकच कारण असेल तर 'बहुधा' हा शब्द घालतो. काही ग्राहकांना ते आवडत नाही.

येताना फोटोसोबत घरातल्या दुसऱ्या ओळखीच्या फोटोंच्या प्रती, जन्म-मृत्यूची माहीत असलेली सालं आणि पदकं असतील तर तीही आणा. पदकं चिंच-राखेने घासू नका. मागचा मजकूर ओल्या फडक्याने पुसू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून सोडवू नका, फ्रेमसकट आणा. काच आम्ही काढू.