उंदीरमामाचा दात आणि टूथ फेअरीचे नाणे

मुलाचा पहिला दुधाचा दात पडला की त्याचे करायचे काय, या प्रश्नाला अनेक मराठी घरांत आता दोन उत्तरे मिळतात. आजी सांगते की तो कौलावर फेकावा किंवा उंदराच्या बिळाशी ठेवावा आणि उंदीरमामाला म्हणावे, माझा दात तू घे, तुझा मला दे. नातवंड मात्र इंग्रजी गोष्टींतून शिकून आलेले असते की दात उशीखाली ठेवायचा, रात्री टूथ फेअरी येऊन तो नेते आणि सकाळी त्या जागी पैसे सापडतात. या एकाच प्रथेच्या देशी आणि विलायती तऱ्हा आहेत, असे समजून मोठी माणसे वाद मिटवतात. साम्य दिसते हे खरे, कारण दोन्हीकडे पडलेला दात कुणाला तरी द्यायचा असतो आणि त्याबदल्यात काही मिळायचे असते. परंतु उंदराकडे मूल येणाऱ्या दाताविषयी मागणे करते, तर परी गेलेल्या दाताचे मोल देऊन मोकळी होते. माझ्या मते हा फरक एवढा मोठा आहे की या दोन प्रथांना सख्ख्या बहिणी म्हणता येणार नाही.

उंदराचे मागणे फार दूरवर पसरलेले आहे. मानववंशशास्त्राचे अभ्यासक जेम्स फ्रेझर यांनी दक्षिण प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटावरचा असाच रिवाज नोंदवला आहे: तिथे मूल मोठ्या आणि लहान उंदराला हाक मारून जुना दात देऊ करी आणि नवा मागून घेई, आणि दात फेकला जाई तो घराच्या शाकारलेल्या छपरावर, कारण जुन्या छपरातच उंदरांची घरटी असत. आपल्याकडे कौलांचा मान कुठून आला असावा, याचा अंदाज यावरून बांधता येतो. जर्मनीतले मूल उंदराकडे लोखंडाचा दात मागून आपला हाडाचा दात त्याला देत असे. जी वस्तू आपल्या शरीराची होती ती ज्याच्याकडे जाईल त्याचा गुण आपल्या अंगी येईल, ही समजूत या सगळ्यांच्या मुळाशी आहे. मराठीत 'अजून दुधाचे दात पडले नाहीत' असे म्हणून आपण एखाद्याचा कच्चेपणा दाखवतो, तेव्हा दुधाचा दात देऊन कुरतडणाऱ्या प्राण्याचा दात मागण्यात कोणता हिशेब आहे हे मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा हिशेब निरीक्षणातून आलेला आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि सतत कुरतडून त्याला ते झिजवावे लागतात. त्या दातांच्या बाहेरच्या आवरणात लोहाचा अंश असतो आणि त्यामुळेच त्यांना पिवळसर नारिंगी छटा येते. जर्मन मुलांचा लोखंडाचा दात म्हणजे निव्वळ कल्पना नव्हती म्हणायची. गंमत अशी की उंदराला दुधाचे दात पडून नवे येण्याचा अनुभवच नसतो, त्याला जन्मभर दातांचा एकच संच पुरवावा लागतो.

जपानमध्ये याच विचाराला दिशेची जोड मिळाली आहे. खालच्या जबड्याचा दात छपरावर आणि वरचा दात घराच्या जमिनीखाली टाकायचा, म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेने सरळ वाढेल. कोरियात उंदराच्या जागी मॅगपाय पक्षी येतो, पण मागणे तेच राहते: जुना घे, नवा दे.

टूथ फेअरी वयाने बरीच लहान आहे. तिचा छापील उल्लेख १९०८ साली 'शिकागो ट्रिब्यून' या अमेरिकी दैनिकातल्या घरगुती सूचनांच्या सदरात आढळतो. हलणारा दात काढू न देणाऱ्या हट्टी मुलाला या परीची गोष्ट सांगावी आणि आईने पाच सेंटच्या काउंटरवरून लहानसहान वस्तू आणून ठेवाव्यात, असा तो सल्ला होता. म्हणजे परीचा जन्मच मुळी मुलाची समजूत काढण्यासाठी झाला, आणि नवा दात कसा यावा याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हते. पुढे वस्तूंची जागा पैशांनी घेतली आणि पैसा आला तिथे भावही ठरू लागला. अमेरिकेतली एक दंतविमा कंपनी १९९८ पासून परीच्या दराची पाहणी करते. त्या वर्षी एका दाताला सरासरी १.३० डॉलर मिळत होते, २०२३ मध्ये तो आकडा ६.२३ डॉलरवर गेला. उंदराच्या दाताला असा दर कधी लागला नाही, कारण तिथे दाताचे मोल दातानेच चुकते होते.

आणखी एक भेद मला याहून महत्त्वाचा वाटतो. दात फेकणारे मूल जागे असते, बोल स्वतः म्हणते आणि शेजारी उभी असलेली आजीही त्यावर थोडाफार विश्वास ठेवून असते. परीचा व्यवहार मात्र मूल झोपल्यावर होतो, आणि तो पार पाडणाऱ्या आईवडिलांचा त्यावर काडीचाही विश्वास नसतो.

खरा घोटाळा स्पेनमधल्या पेरेझ उंदरामुळे होतो. राजा तेरावा अल्फोन्सो आठ वर्षांचा असताना त्याचा दात पडला, तेव्हा लुईस कोलोमा या जेझुइट धर्मगुरूने त्याच्यासाठी ही गोष्ट लिहिली. गोष्टीतला उंदीर माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर बिस्किटांच्या डब्यात राहतो, आणि तिथल्या ८ क्रमांकाच्या इमारतीवर २००३ साली शहराने त्याच्या नावाची पाटीही बसवली. उंदीर आहे म्हणून त्याला आपल्या उंदीरमामाच्या पंगतीला बसवण्याचा मोह होतो, पण तो उशीखालचा दात नेतो आणि मागे भेट ठेवतो. स्वतःचा दात तो कुणालाही देत नाही. फ्रान्सची छोटी उंदरीण हेच करते. शेपटी असली तरी या दोघांची गणना परीच्याच गोतात करायला हवी.

परदेशातल्या आणि आता स्लॅबच्या घरांतल्या मराठी आईवडिलांना दोन्ही प्रथा पाळायची हौस असते, पण कौलावर गेलेला दात उशीखाली ठेवता येत नाही. सुदैवाने दुधाचे दात २० असतात आणि ते साधारण सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत सवडीने पडतात, तेव्हा वाटणीला पुष्कळ वाव आहे.