एमिली ब्लंटने सू स्टॉर्म व्हावं, ही हौस नेमकी कुणाची?

मे २०२१मध्ये हॉवर्ड स्टर्नच्या रेडिओ कार्यक्रमात अभिनेत्री एमिली ब्लंटने हा विषय एकदाचा मिटवायचा प्रयत्न केला. मार्व्हल कॉमिक्सच्या ‘फॅन्टास्टिक फोर’ या सुपरहिरो चौकडीतली सू स्टॉर्म ती करणार, अशी आवई बरीच वर्षं उठत होती. तिने सांगितलं की असा फोन कुणालाच आलेला नाही, ही सगळी चाहत्यांनी परस्पर केलेली पात्रनिवड आहे, आणि तसाही सुपरहिरोपट हा काही तिचा प्रांत नव्हे. चाहत्यांनी ते ऐकलं आणि तिची चित्रं रंगवणं चालूच ठेवलं.

आपल्याकडेही कादंबरी वाचून संपली की ‘यावर सिनेमा निघाला तर नायिका कोण शोभेल?’ हा वाद घरोघर रंगतो. अमेरिकेत या हौसेचा धंद्यासाठी उपयोग करून घ्यायला हॉलिवूड फार लवकर शिकलं. १९३६मध्ये निर्माता डेव्हिड सेल्झनिकने ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीचे हक्क ५०,००० डॉलरला घेतले आणि तिच्या नायिकेचा, स्कार्लेट ओहाराचा, शोध दोनेक वर्षं गाजवत ठेवला. लोक पत्रांमागून पत्रं पाठवत होते. नायक ऱ्हेट बटलर म्हणून त्यांना क्लार्क गेबलच हवा होता, आणि तो मिळालाही. स्कार्लेट मात्र झाली व्हिव्हियन ली, आणि तीही इंग्लंडहून आलेली! फुकटची जाहिरात झाली ती वेगळीच.

सुपरहिरोंच्या बाबतीत ही हौस आधी छापील मासिकांत रुजली. १९९१पासून निघणाऱ्या ‘विझार्ड’ मासिकात कुठल्या पात्रासाठी कुठला नट, याचं सदरच असे. पुढे २००२मध्ये मार्व्हलच्या ‘द अल्टिमेट्स’ या कॉमिकमध्ये चित्रकार ब्रायन हिचने गुप्तहेरप्रमुख निक फ्युरी थेट नट सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्याचा काढला. त्यात आपल्यावर सिनेमा निघाला तर कोण काम करेल, याच्या गप्पा मारताना हा फ्युरी जॅक्सनचंच नाव घेतो. सहा वर्षांनी ‘आयर्न मॅन’च्या शेवटी खरा जॅक्सन डोळ्यावर पट्टी लावून उभा राहिला, तेव्हा कागदावरची मागणीही पुरी होऊ शकते हे चाहत्यांना कळलं.

आता सू स्टॉर्मकडे येऊ. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांच्या ‘फॅन्टास्टिक फोर’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६१चा. सूची शक्ती अदृश्य होण्याची, आणि त्या काळच्या लेखकांनी तिला कथेतही बऱ्यापैकी अदृश्यच ठेवलं होतं. ‘इन्व्हिजिबल गर्ल’ची ‘इन्व्हिजिबल वुमन’ व्हायला १९८५ उजाडलं. पण कॉमिकच्या पानांवर तिला शेजार मात्र मोठा होता. १९६४मध्येच मार्व्हलच्या दुसऱ्या चमूतले सुपरहिरो, म्हणजे अ‍ॅव्हेंजर्स तिच्या कथेत येऊन गेले. १९६५मध्ये चौकडीचा म्होरक्या रीड रिचर्ड्सशी तिचं लग्न लागलं, तेव्हा मार्व्हलचे जवळपास सगळे नायक लग्नाला हजर होते. खुद्द ली आणि कर्बी यांना मात्र आमंत्रण नाही म्हणून दारातूनच परत पाठवल्याचं दाखवलं आहे.

पडद्यावर हे सोयरेपण जमेना, कारण मध्ये हक्कांची भिंत होती. ‘फॅन्टास्टिक फोर’चे चित्रपटहक्क ऐंशीच्या दशकात जर्मन निर्माते बर्न्ड आयशिंगर यांच्याकडे गेले. १९९४मध्ये रॉजर कॉर्मनकडून एक स्वस्तातला सिनेमा करून घेतला गेला, तो कधी प्रदर्शितच झाला नाही. हक्क हातचे जाऊ नयेत म्हणूनच तो काढला, असं मानलं जातं. त्यात सू झाली होती रेबेका स्टाब. पुढचे सिनेमे फॉक्स स्टुडिओचे: २००५ आणि २००७मध्ये जेसिका अल्बा, २०१५मध्ये केट मारा. तोवर मार्व्हलने स्वतःचा स्टुडिओ काढून अ‍ॅव्हेंजर्स जमवले होते, पण सू त्यांच्यात येऊ शकत नव्हती. पानावर एकाच न्यूयॉर्कमध्ये राहणारी माणसं पडद्यावर दोन कंपन्यांत वाटली गेली होती. दोन्ही कुटुंबं एकत्र आणणारा सिनेमा चाहत्यांनी मनातल्या मनात काढायला घेतला तो यामुळे.

त्या सिनेमात एमिलीच का, याच्याही मुळाशी करारच आहे. मार्व्हलच्या ‘आयर्न मॅन २’मधली ब्लॅक विडोची भूमिका आधी तिला देऊ केली होती. पण ‘द डेव्हिल वेअर्स प्राडा’च्या वेळच्या करारानुसार ती फॉक्सला आणखी एक सिनेमा देणं लागत होती. तो निघाला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’. ब्लॅक विडो स्कार्लेट जोहान्सनकडे गेली आणि पुढची दहा वर्षं तिच्याकडेच राहिली. एमिलीचा नवरा जॉन क्रासिन्स्कीनेही कॅप्टन अमेरिकासाठी चाचणी दिली होती, ती भूमिका गेली ख्रिस इव्हान्सकडे. थोडक्यात, नवराबायको दोघंही मार्व्हलच्या दारातून परत आलेली.

मग एप्रिल २०१८मध्ये ‘अ क्वायट प्लेस’ आला. दिग्दर्शन क्रासिन्स्कीचं, आणि पडद्यावरही ही दोघं नवराबायकोच. संकटात पोरंबाळं सांभाळणारं जोडपं पाहून चाहत्यांना रीड आणि सू दिसले. मार्च २०१९मध्ये डिस्नेने ७१.३ अब्ज डॉलर मोजून फॉक्सचा मोठा भाग घेतल्यावर तर हक्कांची भिंतही पडली. निळ्या पोशाखातल्या या दोघांची चित्रं डिजिटल चित्रकारांनी धडाधड काढली. माझ्या मते या मागणीत एमिलीच्या अभिनयापेक्षा तिच्या संसाराचा वाटा मोठा होता. लोकांना जोडी हवी होती. एकटी सू कशी असावी, याचा विचार त्यात फारसा कुणी केलेला दिसत नाही.

मार्व्हलने अर्धी मागणी पुरवली. मे २०२२च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’मध्ये दुसऱ्या एका विश्वातला रीड म्हणून क्रासिन्स्की अवतरला, थिएटरांत शिट्ट्या वाजल्या, आणि थोड्याच वेळात त्या सिनेमातल्या खलनायिकेने, वांडाने, त्याच्या चिंध्या केल्या. सू त्या प्रसंगात आलीच नाही.

१४ फेब्रुवारी २०२४ला नव्या सिनेमाची नावं जाहीर झाली. रीड पेड्रो पास्कल, सू व्हॅनेसा कर्बी. हा ‘द फॅन्टास्टिक फोर: फर्स्ट स्टेप्स’ जुलै २०२५मध्ये आला. त्याआधीच, मार्च २०२५मध्ये, मार्व्हलने पुढच्या अ‍ॅव्हेंजर्सपटाचे कलाकार जाहीर केले, तेही पाच तासांहून अधिक चाललेल्या थेट प्रक्षेपणात, नटांची नावं लिहिलेल्या खुर्च्या एकेक करून दाखवत. दोन घरं एकत्र आणणारा तो मनातला सिनेमा आता खरोखर निघत होता. त्या रांगेत कर्बीची खुर्ची होती.