न्यूटन म्हातारपणी किमयेच्या नादी लागला? अजिबात नाही

एक गोष्ट अधूनमधून फिरत असते की न्यूटनने तरुणपणी गुरुत्वाकर्षण वगैरे उरकलं आणि मग म्हातारपणी डोकं फिरलं म्हणून किमयेच्या, म्हणजे साध्या धातूंपासून सोनं बनवायच्या मागे लागला. ऐकायला भारी, पण क्रम साफ उलटा आहे.

१६६९ मध्ये, म्हणजे पठ्ठ्या २६ वर्षांचा असताना, त्याने लंडनहून भट्ट्या, रसायनं आणि किमयेवरचा जाडजूड ग्रंथसंग्रह विकत आणला. गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडणारं त्याचं पुस्तक 'प्रिन्सिपिया' आलं १६८७ ला. त्याच काळात केंब्रिजला त्याच्या हाताखाली असलेल्या लेखनिकाने पुढे सांगितलंय की वसंतात आणि पानगळीत सहा-सहा आठवडे भट्टी जवळजवळ विझायचीच नाही, रात्री दोघं आळीपाळीने जागायचे. अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्याचं खनिज लोखंडाबरोबर वितळवायचं आणि हळूहळू थंड करायचं, की वर चांदणीसारखी नक्षी उमटते, हे त्याने नीट करून पाहिलेलं (हे खरंच होतं बरं का, भोंदूगिरी नाही). १६९६ ला तो टांकसाळीत नोकरीला लंडनला गेला आणि हा उद्योग जवळपास थंडावलाच, म्हणजे म्हातारपणी उलट कमी झाला!

मग गैरसमज का? एक तर तो हे सगळं लपवायचा, इंग्लंडात सोनं 'वाढवणं', म्हणजे किमयेने सोनं तयार करणं, १६८९ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. आणि वारल्यावर त्याची किमयेवरची कागदपत्रं छापण्यालायक नाहीत म्हणून बाजूला पडली ती पडलीच, १९३६ ला लिलावात निघाली तेव्हा अर्थतज्ज्ञ केन्सने त्यातली बरीच मिळवली. किमयेवरच जवळपास दहा लाख शब्द आहेत, एवढं कोणी टाइमपास म्हणून लिहीत नाही.