क्रांतीची बाराखडी: साक्षरता मोहिमा चालतात कशा?

क्यूबात क्रांतीनंतर, १९६१ सालच्या साक्षरता मोहिमेत निरक्षर प्रौढांच्या हाती जे पुस्तक दिलं, त्यातला पहिला धडा होता ‘ओ-ए-आ’ (OEA). हे अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेचं स्पॅनिश लघुरूप. तिच्याशी तेव्हा क्यूबाचं बिनसलं होतं, म्हणजे राजकारण आलंच. पण त्या तीन अक्षरांत तीन स्वरही होते. एकूण धडे पंधरा. प्रत्येकात आधी चित्रावर गप्पा, मग वाक्य, मग त्याचे तुकडे.

मराठीत ‘ग म भ न’पासून सुरुवात होते, कारण चारही अक्षरांत उजवीकडे उभा दंड आहे. हात एकदा वळला की नग, मन, गगन लगेच लिहिता येतात. खरी अडचण जोडाक्षरांची. मुंबईतल्या कामगाराला जे शब्द आधी हवेत त्यांतच ती बसलेली असतात: हक्क, हप्ता, पत्ता, स्टेशन. असे शब्द आधी अख्खे ओळखायला शिकवावेत, फोड नंतर.

क्यूबाच्या पाहणीत सुमारे ९ लाख ७९ हजार निरक्षर सापडले. त्यांच्यासाठी अडीच लाखांहून जास्त शिकवणारे उभे राहिले, म्हणजे एकामागे जेमतेम चार जण. शिकवणाऱ्यांतली लाखभर शाळकरी मुलं-मुली होती. कंदील घेऊन ती खेड्यांत शेतकऱ्यांच्याच घरी राहिली. दिवसा शेतात काम, रात्री धडा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चाचणी. शेवटच्या चाचणीत क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांना पत्र लिहायचं. वर्षअखेर सुमारे ७ लाख ७ हजार जण उत्तीर्ण झाले. डोळे अधू असलेल्यांना चष्मे द्यावे लागले. चाळिशीपुढच्या माणसाला अक्षर दिसतच नसेल तर उत्तम शिक्षकही काय करणार?

सोव्हिएत रशियाने १९१९ सालच्या हुकमाने ८ ते ५० वयाच्या सर्वांना शिकणं सक्तीचं केलं, पण यादवी युद्धात कागद आणि पेन्सिलीच मिळेनात. जोशामुळे स्वयंसेवक मिळतात, वाचन मात्र सरावाच्या तासांनीच येतं. आपल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनने तीन पुस्तिका आणि सुमारे २०० तास धरले होते. मोठ्याने वाचण्याच्या वेगाचं उद्दिष्ट होतं मिनिटाला ३० शब्द. वेग फारच कमी असला तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते आणि अर्थ लागत नाही.

रोज एक तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर २०० तासांना ४० आठवडे लागतात. मुंबईत मध्येच कामाची पाळी बदलली की वर्ग तुटतो. म्हणून तोच धडा सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा घ्यावा. वर्ग संपल्यावरही वाचायला काही हवं: मोठ्या टायपातलं भित्तिपत्रक, पगाराची पावती, युनियनचं पत्रक. सराव थांबला की कच्चं वाचन विसरायला फार दिवस लागत नाहीत. क्यूबाने १९६२ पासून याच लोकांसाठी पुढचे वर्ग सुरू केले, ते त्यासाठीच.