भाजतं ते ऊन नाही, उजेड: सनबर्नच्या मागची दोनशे वर्षं

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात हिमाचलमधल्या एका ट्रेकला गेले होते. पास म्हणजे खिंड ओलांडायच्या दिवशी सहा-सात तास बर्फावर, वारा इतका गार की हातमोजे काढवेनात, आणि ऊन लागतंय असं एका क्षणालाही वाटलं नाही. रात्री टेंटमधे कोणीतरी जोक मारला म्हणून हसायला गेले तर गाल चिकटपट्टी लावल्यासारखे ताणलेले. सकाळी बघते तर हनुवटीच्या खालच्या बाजूला आग आग, नाकपुड्यांच्या कडा सोललेल्या आणि कानाच्या वरच्या कडेवर पाणी भरलेला टपोरा फोड. बारा जणांचा ग्रुप, सगळे पुण्या-नाशिककडचे, आणि सगळ्यांचं एकमत की अगं आपल्याला कुठे सनबर्न होतो, तो गोऱ्यांना होतो, हे थंडीने फुटलंय. एकाने टूथपेस्ट दिली, म्हणे गार वाटतं. लावली मी. दहा मिनिटं गार वाटलं आणि मग जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

खाली गावातल्या डॉक्टरांनी तपासताना रंगाकडे फारसं बघितलंच नाही. हाताची मागची बाजू आधी माझ्या गालावर ठेवली, मग टोपीखाली झाकलेल्या कपाळावर, मग परत गालावर. गाल तव्यासारखा गरम, कपाळ नॉर्मल. धूप से जला है, म्हणाले, ठंड से नहीं. हनुवटीच्या खाली ऊन कसं पोचलं विचारलं तर नुसतं खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बोट दाखवलं. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत वर परत फेकतो, शिवाय दर हजार मीटर चढलं की हे किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, हे मी नंतर वाचलं.

आणि वाचत गेले तसं कळलं की आमच्या ग्रुपने ज्या दोन चुका केल्या, म्हणजे भाजायला गरम वाटलं पाहिजे ही एक आणि भाजलं तर लाल दिसलं पाहिजे ही दुसरी, त्या काही आमच्या एकट्याच्या नाहीत. भल्याभल्यांनी त्या केल्यात, आणि एक तर अजून पुस्तकांतून पूर्ण गेलेली नाही.

आपल्या भाषेतच बघा ना, 'ऊन लागलं' म्हटलं की चक्कर, उलटी, ताप, आणि मग कैरीचं पन्हं, खिशात कांदा. कातडीचं म्हणायचं तर रापलं, काळवंडलं, फार तर करपलं, पण ते दिसण्याबद्दलचं बोलणं झालं, दुखण्याबद्दलचं नाही. उन्हाने कातडी खरंच भाजते, फोड येतात, याला रोजच्या बोलण्यात आपला वेगळा शब्दच नाही, म्हणून सनबर्न. पण ऊन म्हणजे उष्णता हा घोळ युरोपातल्या डॉक्टरांचाही होता. सूर्य तापवतो म्हणून कातडी भाजते, निखाऱ्याने भाजते तशी, यात शंका घ्यायचं कुणाला सुचणार.

सुचलं लंडनच्या एव्हरार्ड होम या सर्जनला. १८२० च्या सुमाराला त्याने स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरले, एक उघडा, दुसऱ्यावर काळं कापड, आणि दोन्हीकडे थर्मामीटर. काळ्या कापडाखाली तापमान जास्त चढलं, तरीही भाजला तो उघडा हात. झाकलेल्याला काही नाही. म्हणजे उष्णता गुन्हेगार नाही, दुसरंच काहीतरी आहे. (हा होम तसा फार भला माणूस नव्हे, त्याचा गुरू आणि मेहुणा जॉन हंटर याचे कागद त्याने जाळून टाकले आणि त्यातलं बरंचसं स्वतःच्या नावावर खपवलं असं म्हणतात, पण हा प्रयोग मात्र झकास.) याच निबंधात त्याने काळ्या कातडीवरही हा प्रयोग केल्याचं लिहिलं आणि निष्कर्ष काढला की काळा रंग उन्हापासून वाचवतो. अर्धं खरं आहे ते. पण 'वाचवतो'चं 'काहीच होत नाही' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आमच्या टेंटमधलं एकमत थेट तिथून आलेलं आहे असं माझं मत आहे.

ते 'दुसरंच काहीतरी' खरं तर आधीच सापडलेलं होतं. १८०१ मधे जर्मनीत येना गावी योहान रिटरने काचेच्या लोलकातून उजेडाचे रंग पाडले आणि जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड (उजेडात काळं पडणारा चांदीचा क्षार) सगळ्यात भराभर काळं पडतंय हे बघितलं. अतिनील किरण ते हेच. पण रिटरचा लोलक आणि होमचा हात एकमेकांना भेटायला बरीच वर्षं गेली. मधे १८५८ मधे पॅरिसच्या शार्को या डॉक्टरने दोन केमिस्टची केस लिहिली, विजेच्या आर्कवर, म्हणजे दोन टोकांमधे सतत पेटत्या ठेवलेल्या ठिणगीवर, प्रयोग करताना दोघांची कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल झाली, तेव्हा त्याने दोष उष्णतेला न देता या अदृश्य रासायनिक किरणांना दिला. हे पटायला पॅरिसला जायची गरज नाही, भोसरीतल्या कुठल्याही वेल्डिंगच्या शेडमधे विचारा, काच न लावता आर्ककडे बघितलं की त्या वेळी काही नाही आणि रात्री डोळ्यात मूठभर वाळू गेल्यासारखं होतं. डोळ्यांचा सनबर्नच तो. बर्फावर गॉगल विसरलेल्यांनाही हेच होतं.

पक्का पुरावा १८८९ मधे स्वीडनच्या विडमार्कने दिला, आर्कचा उजेड पाण्यातून गाळून त्यातली उष्णता काढून घेतली तरी कातडी भाजली, अतिनील किरण काढले की नाही भाजली. विषय संपला. आणि मग आला डेन्मार्कचा डॉक्टर नील्स फिन्सन, ज्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो कारण तो कुणीही समजू शकतं. त्याने हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढला आणि हात उन्हात धरून बसला. शाई पुसली तर पट्ट्याखालची कातडी जशीच्या तशी, आजूबाजूची लाल, पुढे तपकिरी. आता तोच हात शाई न लावता परत उन्हात धरला, तर उलटं झालं, पट्टा लाल आणि रापलेली बाजू बरीचशी शाबूत. म्हणजे रापणं ही कातडीने स्वतःच ओढलेली शाई. या फिन्सनला पुढे उजेडाने कातडीचा क्षयरोग बरा करण्यासाठी १९०३ चं नोबेल मिळालं.

आता गंमत बघा, उजेडाने भाजतं हे कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला गेले. उष्णतेने भाजत नाही ना, मग उन्हाने चक्कर येते, माणूस बेशुद्ध पडतो तेही या किरणांमुळेच असणार! गरम देशातल्या गोऱ्या साहेबांना ही थिअरी फारच पटली. आपल्याकडचा साहेब बंगालच्या पाणथळीतल्या शोला नावाच्या झाडाच्या भेंडाची टोपी, म्हणजे ती सोला हॅट, घालायचाच, वर काही जण पाठीच्या कण्यावर फ्लॅनेलची जाड पट्टी बांधायचे, किरण मणक्यात शिरू नयेत म्हणून. मे महिन्यात. फ्लॅनेल. अमेरिकन लष्कराने तर फिलिपिन्समधे साधारण १९०८-०९ च्या सुमाराला शेकडो सैनिकांना नारिंगी-लाल रंगाचे आतले कपडे घालून वर्षभर फिरवलं, फोटोच्या डार्करूममधे लाल काच चालते तसं लाल कापड किरण अडवेल हा हिशोब. फायदा शून्य, उलट ते कपडे जास्त गरम होतात म्हणून सैनिक वैतागले. उष्माघात उष्णतेनेच होतो आणि सनबर्न उजेडाने, दोन वेगळे आजार, एकाच उन्हात एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतात, हे सरळ वाटणारं वाक्य इतक्या भानगडी करून मिळालेलं आहे.

१९२२ मधे हाउसर आणि वाले या जर्मन जोडीने कुठल्या तरंगलांबीला कातडी किती लाल होते ते मोजलं, आणि उत्तर आलं ३०० नॅनोमीटरच्या जरा अलीकडे, ज्याला आज यूव्हीबी म्हणतो त्या पट्ट्यात. सकाळ-संध्याकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा हे किरण हवेतच बरेचसे गळतात, म्हणून दहा ते चारचं ऊन वाईट. नेमकं त्याच दशकात युरोपात रापलेली कातडी फॅशनमधे आली, लोक मुद्दाम समुद्रावर पडून राहायला लागले आणि क्रीमचा धंदा सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना जे दिलं होतं ते म्हणजे जनावरांसाठीचं लाल पेट्रोलियम जेली, चिकट आणि घाणेरडं, पण किरण अडवायचं. एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर, क्रीम किती वाचवतं त्याचा आकडा) हे नाव १९७४ मधे ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटरने रुळवलं. तो आकडा काढतात कसा हे कळल्यावर मी बाटलीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले: माणसाच्या पाठीवर क्रीम लावून आणि न लावून मुद्दाम थोडंथोडं भाजवतात आणि दुसऱ्या दिवशी बघतात कुठे लाल झालंय. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून. आपण प्रत्यक्षात लावतो ते याच्या निम्मं, तेही नाकाला आणि गालाला. हनुवटीच्या खाली कोण लावतं.

दुसऱ्या दिवशी का, तर सनबर्न उशिरा उमलतो. उन्हातून आल्यावर तीन ते सहा तासांनी सुरू, बारा ते चोवीस तासांनी कळस, आणि चार-पाच दिवसांनी सालपटं. म्हणून संध्याकाळी 'जरा चुरचुरतंय' असेल तर सकाळी काय असेल याचा अंदाज संध्याकाळच्या रंगावरून बांधू नये.

आणि रंगाचंच तर सगळं दुखणं आहे. कुठे लाल झालं, किती लाल झालं, यावरच हे सगळं शास्त्र उभं राहिलं, आणि ज्यांच्या कातडीवर मोजलं ते गोरे होते. १९७५ मधे हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिकने कातडीचे प्रकार पाडले, भाजते किती आणि रापते किती यावरून, तर मूळ यादीत चारच प्रकार होते, सगळे गोऱ्या कातडीचे. तपकिरी आणि काळे म्हणजे पाचवा-सहावा, आपण बहुतेक जण ज्यात किंवा ज्याच्या आसपास येतो ते, नंतर जोडले. पुढे १९७९ मधे मोजलं तर काळ्या कातडीचा वरचा थर सरासरी एसपीएफ १३ इतकं संरक्षण देतो, गोऱ्याचा ३ च्या आसपास. फरक मोठा आहे, पण १३ म्हणजे काही चिलखत नव्हे. आपल्या कातडीवर लाली दिसत नाही किंवा तांबूस-जांभळट-काळपट दिसते, मग ओळखायचं ते गरम लागण्यावरून, ताणल्यासारखं होण्यावरून, कपडा घासला तरी दुखतंय यावरून, आणि झाकलेल्या जागेशी तुलना करून. त्या डॉक्टरांनी केलं तेच.

कधीकधी थोड्याच उन्हाने भयंकर भाजतं, तेव्हा आधी औषधं आठवायची. पावसाळ्यात लेप्टोसाठी कोकणात, मुंबईत डॉक्सीसायक्लिन देतात, ती घेताना ऊन लागलं तर कातडी लवकर भाजते. लिंबाचा रस हाताला लागून उन्हात गेलं तर फोड येऊन महिनोन्महिने राहणारे काळे ओघळ उमटतात. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवायची फार जुनी रीत आहे, त्यातलं सोरालेन याच जातीचं. १९७४ नंतर तेच सोरालेन आणि मोजलेला यूव्हीए (अतिनील किरणांचाच यूव्हीबीपेक्षा लांब लहरींचा पट्टा) अशी उपचारपद्धत जगभर गेली, पण घरी अंदाजाने केलं तर फोडच हातात येतात.

उपचारांचा इतिहास त्यामानाने जरा लाजिरवाणाच आहे. लोणी, तूप, साय, कॅलामाइन. १९२५ पासून भाजलेल्यावर टॅनिक अॅसिड लावायची लाट आली, वर कडक पापुद्रा धरतो म्हणून, आणि दुसऱ्या महायुद्धात लिव्हर खराब होतंय हे दिसल्यावर ओसरली. १९७० च्या दशकात कळलं की लालीमागे प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातच तयार होणारं, सूज आणि आग आणणारं रसायन आहे, तेव्हा अॅस्पिरिनच्या कुळातली औषधं लवकर दिली तर पहिल्या दिवसाची आग कमी होते, पण पेशींचं झालेलं नुकसान भरून येत नाही. सगळ्यांची आशा होती ती स्टिरॉइड क्रीमवर, आणि २००८ मधल्या डेन्मार्कच्या चाचणीत भाजल्यानंतर लावलेल्या स्टिरॉइडने म्हणावा असा फरक पडला नाही. २०१२ मधे कॅलिफोर्नियात दाखवलं गेलं की किरणांनी मोडलेल्या पेशी आपला तुटका आरएनए बाहेर टाकतात आणि शेजारच्या धड पेशी त्यावरून बोंब ठोकतात, सूज येते ती त्या बोंबेने. म्हणजे आपल्याला दुखायला लागतं तोवर किरणांचं काम केव्हाच उरकलेलं असतं.

त्यामुळे उरतं ते साधंच. सावलीत या, नळाच्या गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बर्फ नको, भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल, किंवा पोट-किडनीचा त्रास नसेल तर आयब्युप्रोफेन. सैल सुती कपडे. कोरफडीचा गर गार वाटतो, लावा हवं तर, जादू मात्र नाही. बधिर करणारी मलमं नकोत, त्यांची अॅलर्जी येते. फोड फोडायचे नाहीत, वरची कातडी हेच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग, आपोआप फुटला तर स्वच्छ धुऊन साधी पेट्रोलियम जेली आणि वर गॉज. टूथपेस्ट, हळद, लिंबू, साय, काही नाही.

फोड मोठ्या भागावर असतील, तोंडावर किंवा डोळ्यांपाशी असतील, थंडी वाजून ताप येत असेल, उलट्या होत असतील, लघवी कमी झाली असेल, पू दिसत असेल किंवा भाजलेलं बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर घरी बसायचं नाही. आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो सनबर्न उरलेला नाही, तो उष्माघात आहे, तिथे अंगावर पाणी ओतत, वारा घालत १०८ ला फोन करायचा.

माझा कान तीन आठवड्यांत बरा झाला. कडेवर डाळीएवढा फिकट डाग आहे अजून. ग्रुपमधल्या एकाने परवा तो बघितला आणि म्हणाला, थंडीचा ना तो.